मागच्या खिडकीवरचा धूर

उंबरेवाडीच्या बंद स्टेशनाच्या भिंतीशी एक अनोळखी माणूस उकिडवा बसला होता. हातात बारीक सळई, टोकाला वाकडी. दगडांच्या फटीतला चुना कोरायचा, तळहातावर घ्यायचा, बोटानं चोळून बघायचा आणि प्लास्टिकच्या पुडीत भरायचा, असं त्याचं चाललं होतं. इस्त्रीची पँट, पायात बूट, रस्त्याकडेला पांढरी गाडी. शेळ्या घेऊन परतणारी मथुराबाई बाभळीखालीच थबकली.

मथुराबाईचा स्वभाव मुळातच संशयी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुकानदारानं साखर तोलताना चिमूटभर जास्त टाकली तर दुसरी बाई खूश होऊन घरी जाते. ही मात्र विचार करत बसायची, की म्हणजे इतके दिवस हा कमी देत होता की काय. पण या वेळी तिला दोष देता येणार नाही. तो माणूस जी भिंत कोरत होता, तिच्या पलीकडं मथुराबाईचा संसार होता.

स्टेशन म्हणजे तरी काय? बार्शीकडची छोटी गाडी धावत होती तेव्हाची एक दगडी खोली, पुढं पत्र्याची पडवी आणि हातभर उंचीचा फलाट. मथुराबाईचा नवरा बलभीम याच लायनीवर गँगमन होता. मोठी लाईन दुसरीकडून गेली, इथले रूळ उचलून ट्रकात घालून नेले. बलभीमची बदली झाली आणि बदलीच्या गावीच तो काविळीनं गेला. मथुराबाई लेकीला घेऊन परत आली, तर दिरांनी दारातच पाणी दिलं आणि दारातूनच वाटेला लावलं. मग तिनं या रिकाम्या खोलीत आधी शेळ्या बांधल्या, आणि पावसाचं निमित्त करून स्वतःचं अंथरूणही टाकलं. दार बसवलं, चूल मांडली. लेक सोनाली इथंच वाढली, इथूनच लग्न होऊन परंड्याला गेली. या सगळ्याला कागद म्हणाल तर एक नाही. गावाला माहीत होतं, सरकारला माहीत नव्हतं, आणि सरकारला माहीत नाही हाच तिचा सातबारा होता.

"काय पायजे?" तिनं लांबूनच आवाज दिला.

माणूस दचकला, मग हसला. "काही नाही मावशी. मी धाराशिवचा. उत्कर्ष माझं नाव, दातांचा डॉक्टर आहे. या स्टेशनची छोटी प्रतिकृती करतोय, एवढी." त्यानं दोन्ही हात सुपाएवढे पसरले. "ती कशाकशाची करायची ते अजून ठरत नाही. म्हणून दगड, चुना, माती बघायला आलो."

"कशापायी पर?"

"कशापायी म्हणजे... छंद आहे."

लोकांच्या दाढा उपटून गाडी घेतलेला बाप्या माणूस एवढ्या उन्हात खेळण्यासाठी भिंत कोरत बसतो, यावर विश्वास ठेवायला मथुराबाई काही दुधखुळी नव्हती.

"आत कुणी राहतं का? कुलूप दिसतंय."

"कोन ऱ्हातंय हितं!" ती झटक्यात म्हणाली. "गावचा कडबा असतोय. मी आपली शेळ्या राखती."

"पुढच्या रविवारी मापं घ्यायला येतो. आतून बघायला मिळालं तर फार बरं होईल. किल्ली कुणाकडं असते?"

"बगते इचारून," मथुराबाई म्हणाली. किल्ली तिच्याच कमरेला खोचलेली होती, आणि या क्षणी ती नुसती टोचत होती.

फाट्यावर कोंडीरामचं चहाचं हॉटेल. कोंडीरामला जगातली सगळी माहिती असते. जी नसते ती तो बोलता बोलता तयार करतो. त्यानं सगळं ऐकलं आणि पातेल्यातला चहा उगाचच वरखाली केला.

"वैनी, तुमी बी लई भोळ्या. पवनचक्कीवाले आले तवा काय म्हणाले हुते? हवा मोजाया आलाव म्हणाले. हवा मोजली आन् माळ गेला. सोलरवाले बी आदी मातीच्या पुड्याच भरायचे. ह्यो बी पुड्या भरतोय ना?"

"भरतोय की."

"मंग झालं तर! कंपनीचा असंल, न्हायतर रेल्वेचा. नवी लाईन हुतीया, जुन्या जागा मोकळ्या करून घेत असतील. मापं झाली की नोटीस."

"दाताचा डाक्टर हाय म्हणतोय."

"तुमचे दात बगितले का त्यानं?"

नव्हते बघितले. मथुराबाईची डावी दाढ किडलेली होती आणि बोलताना ती गालाला हात लावायची. खरा डॉक्टर असता तर एवढं बोलणं झाल्यावर एकदा तरी म्हणाला असता, की मावशी, तोंड उघडा बघू. तिचा संशय पक्का झाला.

मग तिनं जे केलं ते दुसरं कुणी केलं नसतं. भांडणारी बाई असती तर भांडली असती, रडणारी असती तर पाया पडली असती. मथुराबाईनं स्वतःलाच तिथून काढून टाकलं. पत्र्याची पेटी, भांडी, अंथरूण, सोनालीच्या लग्नातला फोटो, सगळं कोंडीरामच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. भिंतीतले खिळे उपटले. आतून चुना मारला. जमिनीवर कडबा पसरला.

चूल फोडायला मात्र तिचा हात उठेना. स्वतःच्या हातानं पांढरी माती, भुस्सा आणि शेण कालवून घातलेली चूल, दर दिवाळीला पोतेरा दिलेली. शेवटी तिनं डोळे मिटून कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागचा बोथट भाग, घातला. जुन्या चुलीचं ढेकूळ नव्या चुलीत घालायचं असतं, हे सासूनं सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. तेवढं एक ढेकूळ तिनं फडक्यात बांधून पिशवीत टाकलं आणि बाकीची माती बाभळीखाली फेकून दिली.

एकच गोष्ट निघेना. चूल मागच्या खिडकीखाली होती, आणि इतक्या वर्षांचा धूर त्या खिडकीतून बाहेर पडून वरच्या दगडांवर चढला होता. मथुराबाईनं राखेनं घासलं, नारळाच्या शेंडीनं घासलं, विटकरीनं घासलं. दगड काही तो धूर सोडायला तयार नव्हता.

रविवारी डॉक्टर आला. किल्ली सरपंचाच्या घरून आणली असं तिनं सांगितलं. त्यानं टेप काढली आणि दुसरं टोक तिच्याच हातात दिलं, म्हणजे बघा! तिच्या घराची लांबी, रुंदी, दाराची उंची, खिडकीचं माप, सगळं तिनंच धरून दिलं. टोक धरताना ती टेपवर नजर ठेवून होती, की हा खरंच मोजतोय की मोजल्याचं दाखवतोय.

मापं झाल्यावर त्यानं गाडीतून एक डबा आणला. त्यात नमुने होते. दगडी भिंतीचे बोटभर तुकडे, गंजका पन्हळी पत्रा काडेपेटीएवढा, दार नखाएवढं. मथुराबाईनं वाकून बघितलं आणि बघतच राहिली.

"दगड म्हणजे प्लास्टर आहे, दातांचे साचे काढतो ते," डॉक्टर सांगू लागला. पोराला खेळ दाखवावा तसा त्याचा चेहरा झाला होता. "ओलं असतानाच सळईनं सांधे कोरायचे. पत्रा कोल्ड्रिंकच्या डब्याचा, बारीक आट्यांच्या बोल्टवर दाबून पन्हळी पाडल्या. पडवीचे वासे अगरबत्तीच्या काड्या. दार लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं."

"आन् खडी? हितलीच न्या की पोतंभर."

"मागच्या खेपेला नेली ना. कुटली, चाळली, लावून बघितली. खोटी दिसते मावशी. खरी खडी कितीही बारीक केली तरी धोंड्यांसारखी दिसते. शेवटी ज्वारीचा भरडा भाजून शाईत रंगवला, तो अगदी खडीसारखा दिसतो. मातीचं तसंच. इथली काळी माती वाळली की राखेसारखी पडते. चहाचा चोथा वाळवून टाकला की झालं काळं रान."

म्हणजे दगड दगडाचा नाही, पत्रा पत्र्याचा नाही आणि मातीही मातीची नाही. मथुराबाईच्या मनात आलं, हा माणूस खऱ्याला हात लावतो आणि खोटं घेऊन जातो; याचा भरवसा कसा धरायचा? स्वतः तिनं काय केलं होतं, ते तिला त्या वेळी आठवलं नाही. एकाच जागेचं दोघं सोंग करत होते, आणि दोघांपैकी एकालाच ते माहीत होतं.

डॉक्टर खोलीच्या मागं गेला आणि तिथंच उभा राहिला. "मावशी, हे काळं कशाचं?"

मथुराबाई लगेच म्हणाली, "इंजनाचं."

"इंजिन तर पुढच्या बाजूला उभं राहायचं."

"वारं न्हाय व्हय? हितलं वारं लई वंगाळ. म्होरचा धूर म्हागं नेतंय."

डॉक्टर इतका खूश झाला, की तिला क्षणभर त्याची कीवच आली. "हे मला कुणी सांगितलं नसतं," तो म्हणाला, आणि त्या डागाचे त्यानं पुढून, बाजूनं, खालून फोटो काढले. प्रत्येक फोटोला मथुराबाईचं काळीज एकेक बोट खाली जात होतं.

पण नोटीस आली नाही. पाऊस आला, माळ हिरवा झाला, तरी नोटीस आली नाही. मथुराबाई अंथरूण घेऊन खोलीत परतली, पण आत चूल मांडायचा तिला धीर होईना. पडवीत तीन दगड मांडून ती भाकरी थापायची, आणि गाडीचा आवाज आला की तव्यासकट आत पळायची.

मधेच कोंडीराम बदलला. डॉक्टर त्याच्याकडून चोथा न्यायला लागला होता. "माणूस येडा हाय वैनी, पर वाईट न्हाय," कोंडीराम सांगू लागला. "चोथा चाळून देतोय मी त्यास्नी. बारीक येगळा, जाडा येगळा." मथुराबाईनं त्याच्याकडं टक लावून बघितलं. पवनचक्कीवाल्यांचं उदाहरण देणारा हाच का तो? हाही फितला, असं म्हणून तिनं त्याच्या खोलीतली पेटी त्याच दिवशी उचलून आणली.

भाद्रपदात डॉक्टर स्वतः निरोप घेऊन आला. स्टेशन पूर्ण झालं होतं, आणि त्याच्या बायकोनं, राजेश्वरीनं, या वर्षी घरच्या महालक्ष्म्यांपुढं तीच आरास मांडायची ठरवली होती. "सगळं गाव बघायला येतं आमच्याकडं. तुम्ही टेप धरलीत मावशी, तुम्ही यायलाच पाहिजे."

सगळं गाव! म्हणजे साहेब लोकही. मथुराबाईला झोप लागेना. शेवटी ती जायला निघाली ती हौसेनं नाही, तिथं कोण येतंय आणि काय बोलतंय हे कानानं ऐकावं म्हणून. खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. पिशवीत चुलीचं ढेकूळ होतं ते तसंच राहू दिलं. माघारी कुणी खोली उघडली तर निदान एवढं तरी आपल्यापाशी राहील, असा तिचा विचार.

डॉक्टरच्या दिवाणखान्यात दोन्ही महालक्ष्म्या जरीच्या साड्या नेसून उभ्या होत्या. पुढं फराळाची ताटं, फळं, आणि मधोमध फळीवर उंबरेवाडीचं स्टेशन. मथुराबाई दाराशीच अंग चोरून उभी राहिली. "मावशी, आत या, जवळून बघा," म्हणत राजेश्वरीनं तिला हाताला धरून पुढं आणलं.

तिनं बघितलं. पडवीचा वाकलेला खांब तसाच वाकलेला. फलाटाची फुटकी पायरी तशीच फुटकी. काळं रान, खडी, तुळशीच्या वाळक्या काड्यांची बाभळ. दाराला तिळाएवढं कुलूपसुद्धा. चोथा आणि भरडा आणि लग्नपत्रिका, पण तिचं घर साक्षात समोर होतं. ती माणूस शोधू लागली. फलाटावर कुणी नव्हतं, पडवीत कुणी नव्हतं. खिडकीतून आत कडबा तेवढा दिसत होता. आपण यात सापडू नये म्हणून तिनं काय काय केलं होतं! आणि आता ती खरंच सापडत नव्हती. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा राग आला.

लोक वाकून बघत होते, वाहवा करत होते. त्यात कपाळाला विभूती लावलेले एक म्हातारे गृहस्थ होते, लोहाऱ्याकडचे बसप्पा. त्या लायनीवर गार्ड म्हणून त्यांची नोकरी झाली होती. त्यांनी चष्मा लावला, फळीला प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरले आणि मागच्या बाजूला थांबले.

"झकास केलंय डॉक्टर. पण हे काळं कशाचं?"

"इंजिनाचा धूर. वाऱ्यानं मागं यायचा म्हणे. त्याच्यासाठी किती काय काय लावून बघितलं. शेवटी बायकोचं घरचं काजळ लावलं तेव्हा जमलं."

बसप्पा हसले. "सगळी नोकरी त्या धुरात गेली माझी. इंजिनाचा धूर पत्र्यावर बसतो, सगळीकडं सारखा. हा तर खिडकीतून निघून वर चढलाय. ही चूल आहे, डॉक्टर. इथं कुणीतरी रांधतंय."

"रेल्वेच्या जागेत?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

डॉक्टरनं मान वर केली आणि गर्दीतून नेमकं मथुराबाईकडं बघितलं. आधी चेहऱ्याकडं, मग हातांकडं. भाकरी थापून, निखारे सारून काळवंडलेली बोटं तिनं पदरात लपवली, पण उशीर झाला होता. त्याला सगळं कळलं, हे तिला कळलं. आता हा सांगणार. संपलं.

"चूक माझीच," डॉक्टर म्हणाला. "काजळ जास्त लागलं असेल. थांबा, पुसूनच टाकतो." त्यानं शेजारच्या तबकातला कापूस घेतला, पाण्यात बुडवला आणि पिळला.

तो आपल्याला वाचवतोय, हेही तिला कळत होतं. एक बोट फिरलं की डाग जाणार आणि तिच्याकडं बोट दाखवायला कुणाला काही उरणार नव्हतं. कापूस खिडकीपाशी गेला.

"पुसू नगा!"

आवाज एवढा मोठा निघाला, की आरतीचं ताट घेऊन येणारी राजेश्वरी जागीच थांबली. सगळ्या माना मथुराबाईकडं वळल्या.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. आता आवाज बसला होता. "लई वर्सांचा हाय त्यो."

बसप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "कुठल्या हो बाई तुम्ही?"

"उंबरेवाडीची."

"कुणाच्या?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. "बलभीम गँगमनच्या," मथुराबाई म्हणाली.

बसप्पांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि खिशात ठेवला. "हां. मग बरोबर आहे," ते लोकांकडं वळून म्हणाले. "उंबरेवाडीला वारं उलटंच असतं. माझ्याच ध्यानात राहिलं नाही." आणि ते आरतीला जाऊन उभे राहिले.

दयेनं बोलले, की उद्या कुठं जाऊन सांगतील? मथुराबाईनं आरतीभर त्यांच्या पाठीकडं बघून अंदाज बांधायचा प्रयत्न केला. पाठीवरून काही कळलं नाही.

आरतीनंतर लोक प्रसादाला आतल्या खोलीत गेले, तेव्हा डॉक्टर तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, चूल कुठं होती?"

"फोटू काडनार न्हाय ना?"

"नाही."

"कुनाला सांगनार?"

"नाही."

तिनं त्याचा चेहरा नीट निरखला. विश्वास बसला असं नाही, पण अविश्वासाचाही आता कंटाळा आला होता. "म्हागच्या खिडकीखाली. डाव्या अंगाला."

"प्लास्टरची करू?"

"प्लास्टर नगं." तिनं पिशवीत हात घातला, फडकं सोडलं आणि चुलीचं ढेकूळ त्याच्यापुढं धरलं. "ह्याची करा. अर्दंच घ्या. अर्दं मला लागतंय."

खरी माती छोटी केली की खोटी दिसते, हे त्याच्या ओठावर आलं असणार. पण तो शहाणा, बोलला नाही. त्यानं चिमूटभर माती ओली केली आणि सळईच्या टोकानं चिंचोक्याएवढी चूल घडवली. जाळ घालायचं तोंड, वर तीन उंचवटे. मग त्यानं पत्र्याचं छप्पर अलगद उचललं आणि चूल खिडकीखाली बसवली.

"आणि तुम्हाला कुठं बसवू? फलाटावर एक माणूस लावायचं म्हणून करून ठेवलं होतं." त्याच्या तळहातावर काडीचं, हिरव्या चिंधीचं लुगडं नेसलेलं माणूस होतं.

"फलाटावर नगं. आत, चुलीम्होरं. भाईरून दिसाया नगं."

त्यानं तसं केलं आणि छप्पर ठेवलं. मथुराबाई वाकली, एक डोळा मिटला आणि दुसरा काजळाच्या डागाखालच्या खिडकीला लावला. दाखवलं एक आणि ठेवलं एक असं तर नाही ना? आत अंधारात कडब्याच्या कडेला हिरवं काहीतरी बसलेलं होतं. ती खूप वेळ तशीच वाकून राहिली.

मग सरळ झाली आणि पुढच्या दाराकडं बोट केलं. "ह्ये काडा."

"काय?"

"कुलूप. मी आत असल्यावर भाईरून कुलूप कसं असंल? आतनं कडी लावती मी."

डॉक्टरनं चिमटा आणला, दारावरचं तिळाएवढं कुलूप उपटलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. मथुराबाईनं ते पदराच्या टोकात बांधलं, गाठ दातानं आवळली, आणि किडक्या दाढेतून कळ आली तशी गालाला हात लावला.

"मावशी, तोंड उघडा बघू," डॉक्टर म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि या खेपेला तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती परतली. तिला त्याच खिडकीखाली चूल मांडायची होती.